शेतावरील सीसीटीव्ही कॅमेरा: इंटरनेटवर उघडा पडू नये म्हणून घ्यावयाची काळजी

ठाणे, कल्याण-डोंबिवलीत राहून मुरबाड, शहापूरकडील शेती पाहणारे अनेक शेतकरी पोल्ट्री शेड, गोठा आणि पंपघरावर कॅमेरे बसवतात. सोय मोठी आहे. मात्र जोडणी चुकली असेल तर शेडवर रात्री माणूस कधी नसतो, मोटारीची केबल कुठून जाते, हे तिऱ्हाईतालाही दिसते.

2009 पासून सुरू असलेले शोडान हे सर्च इंजिन मजकूर नव्हे, तर इंटरनेटला जोडलेली उपकरणे शोधते. राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलेले असल्यास आपला डीव्हीआर त्याच्या नोंदीत येऊ शकतो. त्यासाठी कोणी आपल्या मागावर असावे लागत नाही. यंत्रच पत्ते एकामागून एक तपासत जाते. 2016 मध्ये मिराई या घातक प्रोग्रॅमने कंपनीचे मूळ पासवर्ड वापरूनच लाखो उपकरणे ताब्यात घेतली, त्यांत कॅमेरे आणि डीव्हीआर मोठ्या संख्येने होते. फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोटच्या प्रसूती रुग्णालयातील चित्रण बाहेर गेल्याचे उघड झाले, तेव्हा अटक झालेल्यांत लातूर व सांगलीचे तरुणही होते.

तपासणी सोपी आहे. शेतावरील वायफायला मोबाईल जोडून गूगलवर ‘माय आयपी’ शोधावे व येणारा आकडा लिहून घ्यावा. नंतर वायफाय बंद करून मोबाईल डेटावर तोच आकडा ब्राउझरमध्ये टाकावा. कॅमेऱ्याचे किंवा राऊटरचे लॉगिन पान उघडले, तर दार उघडे आहे. पान उघडले नाही तरी निर्धास्त राहू नये, कारण कॅमेरे इतर पोर्टही वापरतात. राऊटरमधील पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी दोन्ही बंद करावे. शेत पाहण्यासाठी कंपनीचे ॲप पुरते.

‘ॲडमिन’ किंवा ‘12345’ हा पासवर्ड बसवणाऱ्या कारागिराला आणि साऱ्या जगाला माहीत असतो. तो आपण स्वतः बदलावा, कारागिराचे खाते काढून टाकावे, फर्मवेअर अद्ययावत करून घ्यावे. सिमकार्डवरचा 4जी कॅमेरा सहसा थेट उघडा पडत नाही. तेथे ॲपचा पासवर्डच सांभाळावा लागतो.

मजुरांच्या खोल्या, न्हाणीघर यांकडे कॅमेरा वळवूच नये, जोडणी कितीही पक्की असली तरी. नवीन कॅमेरा घेताना सरकारी सुरक्षा चाचणी झालेले मॉडेल मागावे. एप्रिल 2025 पासून ती बंधनकारक आहे.

कोणी आत शिरल्याचा संशय आल्यास डीव्हीआरची इंटरनेटची वायर काढावी. हार्डडिस्कवरील रेकॉर्डिंग चालूच राहते. तक्रार 1930 या सायबर हेल्पलाइनवर किंवा जवळच्या पोलिस ठाण्यात करावी.