डोक्यावर घागर, तोंडाने गप्पा: तोल आणि लक्ष यांचा जुना हिशेब

कोल्हापुरातून आपला नवा भाग, आणि ज्यांना कानात इअरफोन घालायला वेळ नाही त्यांच्यासाठी ही लेखी आवृत्ती.

आज एकच प्रश्न घेतलाय. धडधाकट माणूस नुसता उभा आहे, आणि त्याच वेळी त्याच्या डोक्याला दुसरं काम लावलं, तर त्याचा तोल बिघडतो का? केएमटीत दांडी सोडून दोन्ही हातांनी मेसेज टाइप करणारी पोरं म्हणतील, ‘काय होत नाही भावा.’ त्यांचं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी जरा मागे जावं लागेल.

चांगलंच मागे. संत नामदेव, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकातले आपले पंढरपूरचे नामदेव. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. त्यातलं रामकली रागातलं एक पद मी या विषयासाठी परत काढून वाचलं. पतंग उडवणारा पोरगा मित्रांशी बोलतोय, पण त्याचं मन दोरीवर आहे. पाणी आणणाऱ्या मुली हसत-खिदळत चालल्यात, मन मात्र घागरीपाशी. नामदेवांना सांगायची होती भक्ती, तोलाचं शास्त्र नव्हे. पण दृष्टान्त म्हणून त्यांनी जे निवडलं, त्यालाच आज प्रयोगशाळेत ‘ड्युअल टास्क’ म्हणतात. आणि एक बारकावा बघा: त्या मुलींचं लक्ष स्वतःच्या पायांवर नाही. ते घागरीवर आहे.

हे आपल्याकडे डोळ्यांनी बघायचं असेल तर चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर जा. सासनकाठ्या येतात. काही तर दोन-तीन मजल्यांएवढ्या उंच. दोर धरून चारी बाजूंनी माणसं असतात, मधला गडी काठी पेलत हलगीच्या ठेक्यावर नाचवतो. अंगावर गुलाल उधळला जातोय, कानात ‘चांगभलं’चा गजर, पायाखाली दगडी फरसबंदी. आता त्या गड्याची नजर कुठे असते? वर, काठीच्या शेंड्याकडे. खाली पायांकडे बघत राहिला तर काठी गेलीच. घरी तळहातावर झाडू उभा करून बघा, लगेच कळेल.

याला प्रयोगाचा आधार पुष्कळ उशिरा मिळाला. १९९८ साली गाब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी स्कीइंगसारख्या हलत्या यंत्रावर लोकांना उभं केलं. काहींना सांगितलं, लक्ष स्वतःच्या पायांवर ठेवा. काहींना सांगितलं, पायाखालच्या पाट्याच्या चाकांवर ठेवा. फरक किती, जेमतेम वीतभर अंतराचा. पण चाकांवर लक्ष ठेवणारे चांगलं शिकले.

बरं, ‘स्वस्थ उभं राहणं’ हे प्रकरण मुळातच फसवं आहे. आपण स्वस्थ नसतोच. शरीर घोट्यावर उलट्या लंबकासारखं सतत थोडं पुढे-मागे डुलत असतं. डोळे, कानातली तोलाची यंत्रणा आणि पाया-सांध्यांतून येणारी खबर, या तिघांच्या जोरावर पोटऱ्यांचे स्नायू त्याला सावरत राहतात. बर्लिनच्या मोरित्झ रोमबर्ग या डॉक्टरांनी १८४० च्या दशकात एका मज्जारोगाच्या रुग्णांबद्दल लिहिलं, की डोळे मिटले की हे लोक डुलायला लागतात. पायांची खबर तुटलेली, म्हणून सगळी भिस्त डोळ्यांवर. ‘रोमबर्ग चाचणी’ आजही डॉक्टर करतात. पण पुढची शंभर-सव्वाशे वर्षं बहुतेकांचा समज असाच राहिला, की उभं राहायला विचार लागत नाही, ते आपोआप चालतं.

या समजाला धक्का देणारा एक छान प्रयोग १९८५ सालचा, अमेरिकेतला. बेथ केर आणि सहकाऱ्यांनी तरुण विद्यार्थ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि एका पावलापुढे दुसरं पाऊल, टाच-अंगठा जुळवून उभं केलं. मग त्यांना मनातल्या मनात एक चौकटींचा तक्ता आणायला सांगितला: या घरात एक, त्याच्या उजवीकडे दोन, त्याच्या खाली तीन, असं लक्षात ठेवायचं. निकाल काय लागला? तोल बिघडला नाही. बिघडली ती आठवण. बसून जेवढ्या चुका होत, त्याहून जास्त चुका उभं राहून झाल्या. आणि गंमत म्हणजे जागेशी संबंध नसलेली वाक्यं लक्षात ठेवताना असा फरक पडलाच नाही. म्हणजे ‘घर कुठलं’ हे आठवायला आणि ‘मी कुठे झुकलोय’ हे सांभाळायला मेंदू बहुधा एकाच खिशातून पैसे काढतो.

मला हा प्रयोग म्हणूनच आवडतो. केएमटीतला पोरगा पडत नाही, हे खरं. पण खर्च झालाच नाही असं नाही, तो दुसऱ्या खात्यातून गेला. तो काय वाचत होता, हे नंतर त्याला विचारून बघा.

त्यानंतर असे अनेक प्रयोग झाले, आणि चित्र सरळ निघालं नाही. निरोगी तरुणाला सोपं काम दिलं, तर बऱ्याचदा त्याचं डुलणं उलट कमी होतं! काहींच्या मते लक्ष दुसरीकडे गेल्याने शरीराची आपोआप चालणारी यंत्रणा मोकळेपणाने काम करते. काहींच्या मते माणूस अंग ताठ करतो, एवढंच. वाद अजून मिटलेला नाही. २००६ साली बर्लिनमधल्या संशोधकांना दिसलं, की सोप्या कामाने तरुण आणि वयस्क दोघेही जास्त स्थिर झाले, पण काम अवघड होत गेलं तसे वयस्कांचं डुलणं वाढलं. आजी-आजोबांचा खिसा लहान झालेला असतो.

तो किती लहान, हे स्वीडनमधल्या उमेओच्या संशोधकांनी १९९७ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं. उपकरण काहीच नाही. वृद्धांच्या निवासातल्या ५८ जणांबरोबर चालता चालता नुसत्या गप्पा सुरू करायच्या. बारा जण उत्तर द्यायला थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या बारांपैकी दहा जण पडले.

म्हणून जोतिबाच्या पायऱ्यांवर आजी बरोबर असेल, आणि ‘आजी, मागच्या वर्षी आपण कुणाकडे उतरलो होतो गं?’ असं विचारायचं असेल, तर पायऱ्या संपू दे, सपाटीला येऊ दे, मग विचारा. ती मध्येच थांबून उत्तर द्यायला लागली तर ‘चल की, उशीर होतोय’ म्हणून ओढू नका. ती थांबते ते बरोबरच करते. आणि घरी आल्यावर तिचा चष्मा, चपला आणि बाथरूममधली ओली फरशी एकदा बघून घ्या.

स्वतःवर प्रयोग करायचाय? भिंतीजवळ टाच-अंगठा जुळवून उभे राहा, डोळे मिटा, आणि शंभरातून सात-सात वजा करत जा. कुणाला तरी शेजारी उभं करा, तुमचं डुलणं आणि तुमच्या चुका दोन्ही मोजायला. आजोबांना मात्र हे करायला लावू नका.

पुढच्या भागात खासबागेत जाऊ. शाहू महाराजांनी १९०२ च्या परदेश दौऱ्यात रोमचं कोलोझियम पाहिलं, आणि १९१२ साली कोल्हापुरात कुस्तीचं मैदान उभं राहिलं, ती गोष्ट. तोवर तुमचे ‘वजा सात’चे आकडे कळवा.