तारेच्या घनाची कुळकथा

माझ्या अभ्यासिकेच्या कोपऱ्यात 386 जातीचा एक जुना संगणक अद्याप चालू स्थितीत आहे. त्यावर लिहिता लिहिता मी विचारात गढलो आणि चार-पाच मिनिटे कळफलकाला हात लागला नाही, म्हणजे पडद्यावरील अक्षरे मावळतात, काळोख पसरतो, आणि त्या काळोखातून हिरव्या रेषांचा एक पोकळ घन, जणू कुशल कारागिराने तारा वाकवून सांधून अधांतरी टांगावा तसा, संथपणे स्वतःभोवती फिरू लागतो. कोणे एके काळी फ्लॉपीवरून माझ्याकडे आलेला हा स्क्रीनसेव्हर. तो इतक्या वर्षांत माझ्या इतका परिचयाचा झाला आहे की त्याचे कूळ व मूळ शोधण्याची जिज्ञासा मला स्वस्थ बसू देईना.

स्क्रीनसेव्हर निघण्याचे मूळ कारण अगदी व्यावहारिक होते. त्या काळचा मॉनिटर म्हणजे काचेची ऋणाग्र-किरण-नलिका. तिच्या अंतर्भागी फॉस्फरचा लेप असे व त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत आदळला की तो लेप उजळे. परंतु तोच मजकूर त्याच जागी महिनोन् महिने राहिला, तर तेवढ्या जागेची दीप्ती इतर भागापूर्वी क्षीण होई, आणि मॉनिटर मालवल्यावरही जमाखर्चाच्या तक्त्यातील उभ्या-आडव्या रेषा काचेवर कायमच्या उमटलेल्या दिसत. 1979 साली निघालेल्या अटारी 400 व 800 या गृहसंगणकांत, बराच वेळ कोणी कळ दाबली नाही तर पडद्यावरील रंग आपोआप पालटत राहण्याची तजवीज होती. पुढे जॉन सोचा या अमेरिकन प्रोग्रामकाराने आयबीएमच्या पीसीसाठी एक छोटा प्रोग्राम लिहून ‘सॉफ्टॉक’ मासिकाच्या डिसेंबर 1983 च्या अंकात प्रसिद्ध केला, ज्याचे काम एवढेच की तीन मिनिटे यंत्र निश्चल राहिले तर पडदा कोरा करावा. त्याचे नाव ‘स्क्रनसेव्ह’. आजचा स्क्रीनसेव्हर त्याच घराण्यातला. मात्र कोऱ्या पडद्यामागचे यंत्र चालू आहे की बंद पडले आहे, हे दुरून पाहणाऱ्याला उमगत नाही; हलते चित्र असेल तर पडदाही राखला जातो व यंत्र जागे असल्याची ग्वाहीही मिळते. 1989 साली बर्कली सिस्टिम्सच्या ‘आफ्टर डार्क’मधून पंख असलेले टोस्टर पडद्यावरून उडू लागले, तोवर स्क्रीनसेव्हर ही विकत घेण्याजोगी वस्तू झाली होती.

तारेच्या आकृतीचे कूळ मात्र याहून कितीतरी जुने आहे. फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयात पंधराव्या शतकातील चित्रकार पाओलो उच्चेल्लो याच्या नावावर असलेले एका पानपात्राचे रेखाचित्र आहे. त्यात छाया नाही, पृष्ठभाग नाही, केवळ यथादर्शनाच्या नियमाने ओढलेल्या रेषांचे जाळे आहे, आणि तरीही ते पात्र उचलून हाती घ्यावे इतके भरीव भासते. संगणकाच्या युगात ही विद्या बोइंगच्या कारखान्यात विल्यम फेटरच्या हाती लागली. वैमानिकाचा हात कोणत्या खटक्यापर्यंत पोहोचतो हे पाहण्यासाठी त्याने रेषांचा मानव घडवला. 1963 साली आयव्हन सदरलँड याने ‘स्केचपॅड’मध्ये प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघा ओढून दाखवल्या, आणि 1968 मध्ये त्याने मस्तकावर धारण करण्याचे जे दर्शनयंत्र सिद्ध केले, त्यातून पाहणाऱ्याला खोलीत तरंगणाऱ्या तारेच्या आकृती दिसत व मान वळवली की त्या आकृतीही त्या मानाने पालटत. माझ्या पडद्यावरच्या घनाचा आजा म्हणून मी याच यंत्राकडे बोट दाखवीन.

रेषाच का, या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या दारिद्र्यात आहे, आणि ते दारिद्र्य समजून घेतल्याशिवाय या कलेचे मोल कळणार नाही. 640 गुणिले 480 अशा पडद्यावर 3,07,200 ठिपके असतात. ते सर्व दर क्षणी नव्याने रंगवण्याची ताकद त्या यंत्रात नव्हती. घनाला मात्र 8 कोपरे आणि 12 कडा. आठ बिंदूंची स्थाने काढावी, बारा जुन्या रेषा पुसाव्या, बारा नव्या ओढाव्या. एक रेषा सरासरी शंभर ठिपक्यांची धरली तरी अवघ्या 2,400 ठिपक्यांत काम भागते. दोन ठिपक्यांमधली रेषा भागाकाराविना, निव्वळ पूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीने ओढण्याची रीत आयबीएममधील जॅक ब्रेझनहॅम याने 1962 साली बसवली होती व 1965 साली प्रसिद्ध केली होती. पुसण्याची युक्ती त्याहूनही सुबक : रेषेखालच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग उलटा करावयाचा, म्हणजे रेषा उमटते, तीच रेषा त्याच जागी पुन्हा ओढली की उलटलेला रंग पुन्हा उलटतो आणि मूळचे चित्र जसेच्या तसे परत येते.

घन फिरवण्यासाठी कोनांच्या त्रिकोणमितीतील ‘ज्या’ लागतात. 386 मध्ये अपूर्णांकांचे गणित करणारा भाग नव्हता. तो सहप्रक्रियक स्वतंत्र विकत घ्यावा लागे आणि सामान्य गिऱ्हाइकाकडे तो क्वचितच असे. म्हणून प्रोग्रामकार या ‘ज्यां’चे कोष्टक आधीच तयार करून ठेवीत, त्यातील मूल्ये मोठ्या पूर्णांकांत लिहीत, आणि प्रत्यक्ष फिरवताना नवे गणित न करता कोष्टकातून मूल्य उचलीत. हे वाचताना मला आर्यभटाचे स्मरण न झाले तरच नवल. त्यानेही वर्तुळाच्या चतुर्थांशाचे चोवीस भाग पाडले, त्रिज्या 3438 मानली, आणि 225 पासून आरंभ होणारे ज्यार्धांचे अंतर पूर्णांकांतच श्लोकबद्ध करून ठेवले, जेणेकरून ज्योतिषाला ग्रहाचे स्थान काढताना प्रत्येक वेळी मुळापासून खटाटोप करावा लागू नये. आपली ही ‘ज्या’, म्हणजेच ‘जीवा’, अरबीत ‘जीब’ झाली, ती ‘जैब’ म्हणून वाचली गेल्यामुळे लॅटिनमध्ये ‘सायनस’ झाली, आणि ‘साइन’ या नावाने त्या प्रोग्रामच्या कोष्टकात येऊन बसली. काटकसर तीच, उपाय तोच.

या आकृतीची एक खोड आहे, आणि मला ती विशेष प्रिय आहे. पुढच्या पृष्ठाने मागची रेषा झाकली जावी, यासाठीचे गणित लॉरेन्स रॉबर्ट्स याने 1963 च्या प्रबंधात मांडले होते. पण छोट्या प्रोग्रामला तो खर्च परवडत नसे, म्हणून घनाच्या बाराही कडा एकदम दिसत. पुढचा चौकोन कोणता व मागचा कोणता, हे मग डोळ्याला ठरवता येत नाही. स्फटिकांचा अभ्यासक लुई नेकर याने 1832 साली कागदावरील अशा आकृतीचे हे वैशिष्ट्य नोंदवले होते. पडद्यावर तर उजवीकडे फिरणारा घन पाहता पाहता डावीकडे फिरू लागतो, प्रोग्राममध्ये मात्र तसूभरही फरक पडलेला नसतो. जो काय पालट होतो तो पाहणाऱ्याच्या बुद्धीत होतो.

असला प्रोग्राम लोकांपर्यंत ज्या मार्गाने पोहोचला तोही लक्षात ठेवण्याजोगा आहे. 1982 साली अँड्र्यू फ्लूगेलमन याने ‘पीसी-टॉक’ आणि जिम नॉफ याने ‘पीसी-फाइल’ हे प्रोग्राम अशा रीतीने वाटले की ज्याला हवा त्याने प्रत घ्यावी, स्नेह्यांना द्यावी, आणि उपयोगी वाटला तरच कर्त्याकडे पैसे पाठवावे. ‘शेअरवेअर’ हे नाव रूढ करणाऱ्या बॉब वॉलेसने तर 1983 च्या ‘पीसी-राइट’मध्ये, आपली प्रत पुढे देणाऱ्या नोंदणीकृत गिऱ्हाइकाला दलालीसुद्धा ठेवली होती. ना करारनामा, ना जामीन. सारा व्यवहार परस्परांच्या इमानावर सोपवलेला. पुढे 1992 च्या विंडोज 3.1 मध्ये स्क्रीनसेव्हर म्हणजे शेवटी ‘एससीआर’ ही अक्षरे लावलेला साधा प्रोग्रामच, अशी मुभा मिळाली, आणि हौशी प्रोग्रामकारांनी रात्री जागवून रचलेले घन, गोल व वलये फ्लॉप्यांवरून घरोघर गेली.

1994 साली विंडोज एनटी 3.5 मध्ये छायाप्रकाशाने नटलेल्या नळ्यांचे जाळे पडद्यावर पसरू लागले आणि तारेची सद्दी संपली. 1993 पासून वापरात आलेल्या प्रमाण संकेतांमुळे संगणक मॉनिटरला झोपवूही शकला. स्क्रीनसेव्हरने वीज वाचत नाही, झोपलेल्या मॉनिटरने वाचते. द्रवस्फटिकाच्या पडद्यांनी तर डागाचे भयही बहुतांशी नाहीसे केले. त्या नळ्या मी पाहिल्या आहेत आणि त्यांचे कौशल्य मला मान्य आहे. परंतु जे थोड्या रेषांत सांगून बाकीचे पाहणाऱ्यावर सोपवते, ते चित्र मला अधिक थोर वाटते.

हौशी प्रोग्रामकारांच्या त्या फ्लॉप्यांवर बहुधा एक छोटी मजकुराची फाइल असे. तीत कर्त्याचे नाव, पत्ता आणि आवडल्यास इतके डॉलर पाठवावे अशी विनंती लिहिलेली असे. पुष्कळ प्रोग्रामकारांची नावे आज त्या फाइलीखेरीज अन्यत्र कोठे सापडण्याची शक्यता कमी आहे, आणि फ्लॉपीवरील चुंबकीय लेप दरसाल झिजत आहे. ज्यांच्या कपाटात अशा 1.44 मेगाबाइटांच्या चकत्या पडून असतील, त्यांनी कृपा करून त्या याच वर्षी बाहेर काढाव्या, त्यांच्या प्रती करून ठेवाव्या, आणि ती मजकुराची फाइल वगळू नये.