स्वेच्छा आणि वेठ

मोठ्या उत्सवाची हकीकत लिहिणारा माणूस उद्घाटन कोणी केले ते आधी लिहितो. मैदानात नाचले कोण, हे लिहायचे बहुधा विसरतो. २७ जुलै २०१२ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिक सामने सुरू झाले आणि राणी एलिझाबेथने ते सुरू झाल्याचे जाहीर केले, ही नोंद सर्वत्र सापडते. परंतु त्या रात्रीचा सोहळा ज्यांनी अंगमेहनतीने उभा केला, त्या सुमारे साडेसात हजार स्वयंसेवकांची ओळख फारशी कोणी करून देत नाही. त्यांनी एक पैही मेहनताना घेतला नाही. माझी उमेद कामगारांच्या हजेरीपत्रकांत आणि पगाराच्या भांडणांत गेली. ‘एक पैही घेतला नाही’ असे ऐकले की माझे कान टवकारतात. फुकटचे काम हे श्रमदान की वेठ? हाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम काम काय होते ते पाहू. दिग्दर्शक डॅनी बॉईल हा मँचेस्टरजवळच्या रॅडक्लिफ गावच्या श्रमिक कुटुंबातला. त्याच्या हाताखाली सर्वसामान्य नागरिक महिनोन् महिने तालमी करीत होते. त्या साली एप्रिल ते जून इंग्लंडात विक्रमी पाऊस पडला, आणि तालमी तर उघड्यावर! तालमीची एक मुख्य जागा होती डॅगनम येथील फोर्ड मोटार कारखान्याचे ओसाड आवार. हा कारखाना १९३१ साली सुरू झाला आणि २००२ साली तेथील मोटारीची जुळणी बंद पडली. येथेच १९६८ साली मोटारींच्या बैठकांची आवरणे शिवणाऱ्या स्त्रियांनी संप पुकारला, आणि त्यातून पुढे १९७० चा समान वेतनाचा कायदा झाला. ज्या भूमीवर दामासाठी झगडा झाला, तिच्यावरच चव्वेचाळीस वर्षांनी माणसे बिनदामाची राबत होती. ह्या विसंगतीकडे डोळेझाक करून चालणार नाही.

मैदानात त्यांनी सादर केले काय? सुरुवातीला हिरवे कुरण होते. मग ढोल सुरू झाले. जवळजवळ हजार माणसे ते वाजवीत होती आणि त्यांतल्या पुष्कळांच्या हातात साध्या बादल्या आणि डबे होते. प्रत्येकाच्या कानात एक लहानसे यंत्र बसविलेले. त्यातून ताल मोजला जाई आणि सूचना मिळत. पाहता पाहता हातांनी हिरवळ उचलून नेली गेली, जमिनीतून सात धुराडी वर आली, आणि भट्टीच्या लाल रसातून ऑलिंपिकचे कडे घडविल्याचा देखावा झाला. मागोमाग मताधिकारासाठी झगडलेल्या स्त्रिया आल्या, १९३६ साली जॅरो गावाहून लंडनपर्यंत पायी चालत गेलेल्या बेकारांचा मोर्चा आला. पुढच्या भागात १९४८ साली सुरू झालेल्या सार्वजनिक आरोग्यसेवेचा गौरव होता आणि त्यात नाचणाऱ्यांत खऱ्या इस्पितळांतल्या परिचारिका आणि डॉक्टर होते.

ही धुराडी आपल्याला परकी नाहीत. कावसजी दावरांनी १८५४ साली मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली, आणि पुढे गिरणगाव उभे राहिले ते बव्हंशी लँकेशरच्या यंत्रांवर. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचे नाव यंत्रावर वाचीत आपल्याकडच्या कामगारांच्या कित्येक पिढ्या राबल्या. लंडनच्या त्या मैदानात जो इतिहास नाचला, त्याचे दुसरे टोक परळ-लालबागला आहे.

आता तुलना करू. १ ऑगस्ट १९३६ च्या रात्री बर्लिनच्या ऑलिंपिक मैदानातही हजारो तरुणांचा भव्य प्रयोग झाला. त्यातल्या एका प्रवेशात पितृभूमीसाठी मरणाऱ्या वीरांचा गौरव होता. ती पोरे पुढे कोणत्या रणांगणावर गेली, हे आपण जाणतो. २००८ साली बीजिंगला २००८ ढोलवादक एका ठोक्यात वाजवीत होते. त्या सोहळ्यात सैनिकांचा मोठा भरणा होता. शिस्त अपूर्व, परंतु सैनिकाला ‘मी येत नाही’ असे म्हणता येत नाही. उलट १९३१ साली व्हिएन्नात भरलेल्या कामगार ऑलिंपिकमध्ये हजारो श्रमिकांनी स्वतः नाट्यप्रयोग केला, आणि भांडवलशाहीची प्रचंड मूर्ती कोसळताना दाखविली. सामुदायिक कवायत सर्वत्र सारखीच दिसते. भेद असतो तो कोणाच्या इच्छेने ती चालते ह्यात.

लंडनच्या स्वयंसेवकांची इच्छा खरी होती, ह्याचा पुरावा मला एका साध्या गोष्टीत दिसतो. उद्घाटनापूर्वी हजारो प्रेक्षकांपुढे रंगीत तालमी झाल्या. तेव्हा ‘गुपित फोडू नका’ एवढीच विनंती होती, आणि बहुतेकांनी ती पाळली. पगारी नोकराला धाक दाखवून गप्प बसविता येते; हजारो बिनपगारी लोकांना गप्प ठेवतो तो विश्वासच.

तथापि, एवढ्यावर समाधान मानणारा मी नव्हे. ऑलिंपिकला दूरचित्रवाणीकडून आणि पुरस्कर्त्या कंपन्यांकडून अफाट पैसा मिळतो. त्याच २०१२ साली ब्रिटनच्या वादकांच्या संघटनेने तक्रार केली की, ज्यांचे पोट वाजविण्यावर चालते त्या व्यावसायिकांनाही ऑलिंपिकच्या कार्यक्रमांत फुकट वाजवायला सांगितले जाते. तक्रार रास्त होती. हौशी माणूस आनंदाने देतो म्हणून धंदेवाईकाची भाकरी काढून घेता येत नाही. २०२४ साली पॅरिसच्या उद्घाटनापूर्वी नर्तकांच्या संघटनेने मेहनतान्यातील भेदभावाविरुद्ध संपाची नोटीस दिली आणि २६ जुलैच्या सोहळ्याला दोन दिवस उरले असता तडजोड झाली. सोहळा काही बिघडला नाही!

आपल्या देशाने तर ह्या बाबतीत जगाला एक व्याख्या दिली आहे. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई सामन्यांसाठी बांधकाम करणाऱ्या मजुरांना किमान वेतन रोजी सव्वानऊ रुपये होते; त्यातला एक रुपया जमादार दलाली म्हणून कापून घेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला की, भुकेमुळे किमान वेतनाहून कमी दामावर काम पत्करावे लागते तेव्हा तीही सक्तीची मजुरीच, म्हणजे घटनेच्या तेविसाव्या कलमाचा भंग. पोटाची सक्ती ही सक्तीच होय.

ह्यातून मला एक कसोटी सापडते. ज्याचे पोट भरलेले आहे, ज्याला नाही म्हणण्याची मोकळीक आहे आणि ज्याच्या देण्याने दुसऱ्या कोणाचा रोजगार बुडत नाही, त्याचे फुकट काम हे श्रमदान. ह्यांतली एकही गोष्ट उणी असली तर ती वेठ. मग तिच्यावर कितीही रोषणाई करा. आपल्याकडे गणेशोत्सवाआधी तरुण मुलेमुली कामधंदा आटोपून ढोलताशांच्या सरावाला जातात, त्यांचे ते देणे पहिल्या जातीचे आहे. परंतु मांडव बांधणाऱ्या मजुराला ‘देवाचे काम आहे, कमी घे’ असे म्हणणारा वेठच घेत असतो.

लंडनच्या सोहळ्यात आणखी एक दृश्य होते. ज्योत मैदानात आली तेव्हा ऑलिंपिक क्रीडांगण बांधणारे पाचशे कामगार डोक्यावर शिरस्त्राण घालून दुतर्फा मानवंदनेला उभे होते. त्या बांधकामात एकाही कामगाराचा जीव गेला नव्हता. स्वयंसेवकांचा आनंद मला निर्भेळ वाटतो तो ह्या पाचशेंमुळे. ज्यांनी मैदान बांधले त्यांना दाम मिळाला आणि त्यांचा प्राणही शाबूत राहिला. म्हणूनच त्याच मैदानात दुसऱ्यांना फुकट नाचण्याचा अधिकार पोहोचला. उद्या आपल्याकडे असा सोहळा भरला तर नाचायला जरूर जा. परंतु जाण्यापूर्वी मैदान बांधणाऱ्यांचे हजेरीपत्रक पाहायला मागा.