जुळ्या धातूंची फारकत

थुलियमचे शुद्ध संयुग हाती यावे म्हणून अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर कॉलेजचे चार्ल्स जेम्स यांनी एकच क्रिया सुमारे १५,००० वेळा केली. ब्रोमेटचे स्फटिक विरघळवायचे, पुन्हा पाडायचे, गाळायचे आणि परत विरघळवायचे. १९११ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा युरोपातल्या भल्याभल्या प्रयोगशाळाही दबल्या. थुलियम ज्या कुटुंबातले, त्या दुर्मीळ मृदा धातूंवर काम करायचे तर तेव्हा हाच मुख्य रस्ता होता. स्वीडनमधल्या इटरबी गावच्या खाणीत १७८७ मध्ये एक काळा दगड सापडला. योहान गाडोलिन यांनी १७९४ मध्ये त्यातून नवी ‘मृदा’, म्हणजे ऑक्साइड, वेगळी केली. पुढचे शतकभर रसायनशास्त्रज्ञ या कुटुंबातले एकेक भावंड बाजूला काढत राहिले. ही भावंडे मोठी हट्टी. सगळ्यांचे बाहेरचे इलेक्ट्रॉन जवळजवळ सारखे, द्रावणातला विद्युतभार बहुधा तीनच, फरक काय तो आकाराचा, आणि तोही केसभर.

आज हीच फारकत कारखान्यांत टनावारी होते. तिथे स्फटिक पाडत बसायला कोणी नसते. एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव, एक पाण्यासारखा आणि एक तेलकट, घुसळले जातात आणि मग आपापल्या थरांत निवळतात. कोणता धातू कोणत्या थरात जास्त रमतो, एवढ्यावर सगळे चालते. या तंत्राला द्रावक निष्कर्षण म्हणतात. त्याचा इतिहास मात्र दुर्मीळ मृदांपेक्षा युरेनियमच्या वाटेने अधिक गेला आहे.

सुरुवात पॅरिसची. युरेनियम धातू पहिल्यांदा वेगळा करणारे युजेन पेलिगो यांनी १८४२ मध्ये नोंदवले की युरेनियमचे नायट्रेट इथरमध्ये विरघळते. इतर बहुतेक धातूंची नायट्रेटे तशी विरघळत नाहीत. ही नोंद अर्धे शतक तशीच पडून होती. १९०० मध्ये लंडनमध्ये विल्यम क्रुक्स यांनी तिचा वापर केला आणि ते चक्रावून गेले. त्यांनी युरेनियम नायट्रेटचे स्फटिक इथरमध्ये टाकले. स्फटिकांतल्या पाण्यामुळे खाली वेगळा थर जमला. युरेनियम मुख्यतः वरच्या इथरमध्ये गेले, पण फोटोची काच काळी करणारे किरण बाहेर पडत होते ते खालच्या पाण्यातून! त्या अज्ञात वस्तूला क्रुक्स यांनी ‘युरेनियम एक्स’ म्हटले. काही महिन्यांनी शुद्ध केलेल्या युरेनियमात ती पुन्हा हजर झाली. एक मूलद्रव्य आपोआप दुसऱ्यात बदलते, या रदरफोर्ड आणि सॉडी यांच्या विचाराला अशा प्रयोगांनी बळ दिले. थर वेगळे करण्याच्या साध्या युक्तीने विज्ञानाला इतके मोठे दान क्वचितच दिले असेल.

मग दुसरे महायुद्ध आले. १९४२ च्या वसंतात भौतिकशास्त्रज्ञ आर्थर कॉम्प्टन यांनी सेंट लुइसच्या मॅलिंक्रॉट कंपनीकडे एक अवघड मागणी केली. शिकागोतल्या पहिल्या अणुभट्टीसाठी टनांच्या हिशेबात अतिशुद्ध युरेनियम ऑक्साइड हवे होते. न्यूट्रॉन गिळणाऱ्या बोरॉनसारख्या अशुद्धी लाखातल्या अंशानेही चालणार नव्हत्या. कंपनीला इथर हाताळण्याचा अनुभव होता, भूल देण्याचे इथर ती बनवतच असे. पेलिगो यांची जुनी नोंद आता कारखान्यात उतरली. इथर ३५ अंशांच्या आतच उकळते, त्याची जड वाफ जमिनीलगत पसरते आणि एका ठिणगीने पेट घेते. तरीही त्या उन्हाळ्यात रोज सुमारे एक टन शुद्ध माल तिथून बाहेर पडू लागला. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोची अणुभट्टी चालू झाली.

प्लुटोनियमचा प्रश्न याहून बिकट होता. अणुभट्टीतून निघालेल्या इंधनात युरेनियमच भरपूर असते. प्लुटोनियम चिमूटभर, आणि सोबतीला डझनावारी विखंडन-उत्पादिते, तीही जीवघेण्या किरणोत्साराची. अमेरिकेतल्या हॅनफर्डला युद्धकाळात बिस्मथ फॉस्फेटचा साका पाडून प्लुटोनियम काढले. ते निघाले खरे, पण युरेनियम सगळे कचऱ्यात गेले. युद्धानंतर तिथे हेक्सोन हे द्रावक आले. तेही ज्वलनशील, आणि तीव्र नायट्रिक आम्लापुढे न टिकणारे. म्हणून आम्लाऐवजी ॲल्युमिनियम नायट्रेट ओतावे लागे, आणि ते सारे शेवटी कचऱ्याच्या टाक्यांत साठे.

हवा होता तो द्रव अखेर सापडला. त्याचे नाव ट्रायब्युटिल फॉस्फेट, या धंद्यातल्या लोकांच्या तोंडी नुसते ‘टीबीपी’. सहजी न उडणारा, सहजी पेट न घेणारा आणि नायट्रिक आम्लात टिकणारा. १९४९ मध्ये जेम्स वॉर्फ यांनी दाखवले की चार भारांचे सेरियम टीबीपीत ओढले जाते आणि तीन भारांची भावंडे पाण्यात मागे राहतात. म्हणजे दुर्मीळ मृदा आणि अणुइंधन हे दोन प्रांत या एकाच बाटलीपाशी येऊन भेटले. प्लुटोनियमही चार भारांत असते तेव्हा टीबीपीला चिकटते आणि तीन भारांत आणले की सोडून जाते. ‘प्युरेक्स’ या प्रक्रियेचा सारा डाव यावर उभा आहे. साधारण ३० टक्के टीबीपी रॉकेलसारख्या तेलात मिसळायचे आणि ते इंधनाच्या आम्लद्रावणाशी उलट दिशेने वाहू द्यायचे. युरेनियम आणि प्लुटोनियम तेलात चढतात, सीझियम, स्ट्रॉन्शियमसारखी विखंडन-उत्पादिते पाण्यात राहतात. मग क्षपणकारक घालून प्लुटोनियमचा एक भार कमी करायचा, की ते एकटे पाण्यात उतरते. शेवटी सौम्य आम्लाने युरेनियम सोडवायचे.

एका खेपेत मात्र काम भागत नाही. साबणाचा कपडा एकदाच बादलीभर पाण्यात बुचकळण्यापेक्षा तेच पाणी चार वाटे करून चार वेळा खळबळले तर कपडा अधिक स्वच्छ निघतो. इथेही तसेच आहे. फरक इतकाच की अनेक टप्पे एकापुढे एक जोडलेले असतात आणि दोन्ही द्रव न थांबता समोरासमोरून वाहतात. चार्ल्स जेम्स यांच्या हातांची चिकाटी अशी नळ्यांत आणि स्तंभांत जाऊन बसली.

ही माहिती बराच काळ गुप्त होती. १९५५ मध्ये जिनिव्हाला अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, होमी भाभा तिचे अध्यक्ष होते. त्या सुमारास वापरलेल्या इंधनाच्या पुनर्प्रक्रियेचे रसायनशास्त्र बऱ्याच अंशी खुले झाले. भारतात पायाभरणी आधीच चालू होती. केरळात आळवे येथे दुर्मीळ मृदा असलेल्या मोनाझाइट वाळूवर प्रक्रिया करणारा इंडियन रेअर अर्थ्सचा कारखाना १९५२ मध्ये सुरू झाला होता. तिथे राबणारे होमी सेठना मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात (यूडीसीटी) शिकलेले रासायनिक अभियंते. ट्रॉम्बेला ३० जानेवारी १९५९ रोजी अणुभट्टीच्या दर्जाच्या युरेनियमचा पहिला ठोकळा तयार झाला. पुढच्याच वर्षी कॅनडाच्या मदतीने उभारलेली ४० मेगावॉटची सायरस अणुभट्टी चालू झाली. तिच्या इंधनकांड्यांतले प्लुटोनियम काढण्यासाठी सेठना यांच्या नेतृत्वाखाली प्युरेक्स पद्धतीचा कारखाना उभा राहिला. १९६४ मध्ये तो चालू झाला आणि २२ जानेवारी १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याचे औपचारिक उद्घाटन झाले.

भारताची औद्योगिक अवस्था त्या वेळी काय होती हे आठवले म्हणजे या कामाचे मोल कळते. जाड काँक्रीटच्या भिंतींआड पोलादी पात्रे आणि नळ्यांचे जाळे उभारायचे. इंधन एकदा आत शिरले की तिथे माणसाला पाऊल ठेवता येत नाही. वेल्डिंगचा एक सांधा गळका निघाला तर दुरुस्तीला जाणार कोण? म्हणूनच अशा कारखान्यांत हलणारी यंत्रे शक्य तितकी टाळतात आणि छिद्रांच्या ताटल्या बसवलेल्या उभ्या स्तंभांत द्रवाला बाहेरून ठोके देऊन घुसळतात. हे सगळे करू शकणारे देश तेव्हा बोटांवर मोजण्याइतके होते. १९७० च्या दशकात ट्रॉम्बेचा हा कारखाना बंद करून आतली पात्रे धुऊन निर्मळ करण्यात आली आणि पुढे क्षमता वाढवून तो पुन्हा चालू झाला. किरणोत्साराने माखलेली वास्तू माणसांनी परत ताब्यात घेतली, याची गोष्ट बांधकामाइतकीच मोठी आहे. ती मराठी वाचकांपर्यंत फारशी आलेली नाही, याचे वाईट वाटते.

दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. १८ मे १९७४ च्या पोखरण स्फोटातले प्लुटोनियम याच कारखान्यातले होते. सायरस शांततेसाठी दिली होती, असे म्हणत कॅनडाने अणुसहकार्य थांबवले. टीबीपीही पूर्ण निरुपद्रवी नाही. ते नायट्रिक आम्लासोबत फार तापले तर ‘रेड ऑइल’ म्हणून ओळखले जाणारे स्फोटक मिश्रण बनते. ६ एप्रिल १९९३ रोजी सायबेरियातल्या तोम्स्क-७ येथे अशाच प्रकाराने एक टाकी फुटली आणि किरणोत्सर्गी द्रव्य बाहेर पसरले. हॅनफर्डच्या १७७ भूमिगत टाक्यांतला कचरा निस्तरण्याचे काम तर अजून चालूच आहे.

अणुइंधनाच्या या विद्येने दुर्मीळ मृदांचे ऋण फेडले ते चीनमध्ये. श्यू ग्वांगश्येन यांनी १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पीएच.डी. केली. ते मायदेशी परतले आणि पेकिंग विद्यापीठात अणुइंधनाच्या निष्कर्षणाचे रसायनशास्त्र शिकवू लागले. सांस्कृतिक क्रांतीत त्यांना श्रमछावणीत पाठवले गेले. तिथून सुटल्यावर, १९७२ मध्ये, त्यांच्यावर प्रासिओडिमियम आणि निओडिमियम ही दुर्मीळ मृदांतली भावंडे वेगळी करण्याची कामगिरी आली. ही जोडी १८८५ मध्ये कार्ल आउअर यांनी पहिल्यांदा फोडली होती. एका टप्प्यात या दोघांतला फरक जेमतेम दीडपट पडतो. श्यू यांनी किती टप्पे लागतील, कोणत्या टप्प्यावर काय ओतायचे आणि काय काढायचे, याचे गणितच बांधले. प्रयोगशाळेत महिनोन्‌महिने चाचपडण्याऐवजी कागदावरच्या आकड्यांवरून कारखाना उभा करता येऊ लागला. शेकडो टाक्यांच्या रांगा चीनभर उभ्या राहिल्या आणि शुद्ध दुर्मीळ मृदा धातूंचे भाव कोसळले. त्या माऱ्यापुढे पाश्चात्त्य उद्योग मागे पडत गेले. गानझोऊच्या खणलेल्या डोंगरउतारांवर आणि बाओतोऊच्या कचरातलावात निसर्गाने मोजलेली त्याची किंमत दिसते.

२१ डिसेंबर २०२३ रोजी चीनने दुर्मीळ मृदा धातू काढण्याचे आणि वेगळे करण्याचे तंत्रज्ञान देशाबाहेर देण्यावर बंदी घातली. भारतात ओडिशातल्या छत्रपूरला मोनाझाइटमधून मिश्र दुर्मीळ मृदा क्लोराइड तयार होते, आणि ते आळव्याच्या जुन्या कारखान्यात निष्कर्षणासाठी जाते.