नंबर वाचला, पुढे काय?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीसारख्या चांदीच्या गावात माल किती आणि गाडी कधी निघणार, हे चारचौघांत बोलायचे नसते. पैंजण-जोडव्यांची गाडी वाटेत लुटली गेली, तर पोलिस आधी रस्त्यावरचे कॅमेरे तपासतात. चोराचा माग काढून देणारी कॅमेऱ्यातली ही गाड्यांच्या नंबरांची नोंद भलत्याच्या हाती पडली, तर व्यापाऱ्याचाही माग काढून देते. म्हणून ती कोणी कोणाला द्यावी, हा प्रश्न इथे नुसता तात्त्विक नाही.

नंबर प्लेट मुळात चारचौघांना दिसावी म्हणूनच आली. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ मध्ये मालकाचे नाव-पत्ता आणि क्रमांक असलेली पाटी मोटारींना सक्तीची केली. भारतात १९१४ च्या कायद्याने वाहननोंदणीला देशभर चौकट दिली. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाला आणि ‘एमएच ०९’ ही कोल्हापूर पासिंगची ओळख बनली. यंत्र येईपर्यंत नंबर वाचणारा माणूसच असे, आणि माणूस विसरतो. १९७६ मध्ये ब्रिटिश पोलिसांच्या संशोधन विभागात नंबर आपोआप वाचण्याचे तंत्र जन्मले. या यंत्राला सांगितल्याशिवाय विसरता येत नाही.

आपल्याकडे खासगीपणाच्या वादाला तोंड फुटले ते आधी आरटीओच्या माहितीवरून. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. तरीही २०१९ मध्ये केंद्राने वाहन-नोंदणीची माहिती घाऊक विकण्याचे धोरण आणले. व्यापारी कंपन्यांना वर्षाचा दर ३ कोटी रुपये. खासगीपणाचे आक्षेप आल्यावर २०२० मध्ये ते मागे घेतले गेले.

कॅमेऱ्यांसाठी नियम आला २०२१ मध्ये. केंद्रीय मोटार वाहन नियम १६७-अ च्या शहरांच्या यादीत कोल्हापूरही आहे. चलानाची सूचना १५ दिवसांत द्यावी आणि चलान निकाली निघेपर्यंत नोंद जपावी, असे तो सांगतो. पण ज्या गाडीने नियम मोडलाच नाही, तिच्या नोंदीचे काय, याचे उत्तर त्यात नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा माहितीच्या वापराला बंधन घालतो. पण तो गुन्ह्याच्या तपासाला सूट देतो आणि केंद्राने अधिसूचित केलेल्या सरकारी यंत्रणांना तर कायद्यातूनच वगळता येते.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने नंबरांच्या याच नोंदींसाठी वेगळा कायदा केला. २०१६ पासून तिथल्या सरकारी यंत्रणांना त्या विकता येत नाहीत आणि दुसऱ्या सरकारी यंत्रणेखेरीज कोणाला देता येत नाहीत. न्यू हॅम्पशायर राज्यात तपासाशी संबंध नसलेली नोंद तीन मिनिटांत पुसावी लागते.

आपल्या नियमातही तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात: निर्दोष गाडीची नोंद किती दिवस ठेवायची, ती कोणाला द्यायची, आणि ती कोणी उघडून पाहिली याची नोंद कोण ठेवणार. चोर पकडायला यातले काहीच आड येत नाही.