लहान मोटारगाडी : भारतातील निर्मिती व निवड

चार-पाच माणसांच्या कुटुंबास पुरेल इतकी जागा असलेली, कमी शक्तीच्या एंजिनावर चालणारी व मध्यम उत्पन्नाच्या ग्राहकास परवडणारी प्रवासी मोटारगाडी. इंग्लंडमधील ऑस्टिन सेव्हन (१९२२), इटलीतील फियाट ५०० (१९३६), फ्रान्समधील सित्रोएन टू सीव्ही (१९४८) व इंग्लंडमधील मिनी (१९५९) ही या प्रकाराची प्रसिद्ध उदाहरणे होत. भारतात या गाडीचा इतिहास ग्राहकाच्या निवडीशी निगडित आहे. १९८३ पर्यंत गाडी घेऊ इच्छिणाऱ्यापुढील मुख्य प्रश्न गाडी केव्हा मिळेल हा होता. कोणती घ्यावी हा प्रश्न त्यानंतर हळूहळू पुढे आला. सोलापूर जिल्ह्याचा या इतिहासाशी दुहेरी संबंध येतो. मोटार उद्योगाचे एक आद्य प्रवर्तक वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापूर येथे झाला आणि माळशिरस तालुक्यातील श्रीपूरसारख्या साखर कारखान्यांच्या गावांतून पुढे या गाडीला नवा ग्राहकवर्ग लाभला.

प्रारंभ : दुसऱ्या महायुद्धापूर्वी भारतात परदेशी गाड्या आयात होत किंवा आणलेल्या सुट्या भागांची येथे जुळणी होई. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत जुळणीचा कारखाना काढला. संपूर्ण गाडी देशातच तयार व्हावी यासाठी मो. विश्वेश्वरय्या यांनी १९३० नंतरच्या दशकात मुंबई प्रांतात एक योजना पुढे मांडली होती. वालचंद हिराचंद यांनी १९४० च्या सुमारास अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी सहकार्याचा करार केला. परंतु युद्धकाळात सरकारचा पाठिंबा मिळाला नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन होऊन तिच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ मध्ये वाहने बाहेर पडू लागली. बिर्ला उद्योगसमूहाची हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी १९४२ मध्येच स्थापन झाली होती.

प्रीमियरच्या आरंभीच्या डॉज व प्लिमथ या गाड्या मोठ्या होत्या. १९५० नंतर कंपनीने फियाट कंपनीशी सहकार्य करून लहान गाड्यांकडे लक्ष वळविले आणि १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी कुर्ल्यास तयार होऊ लागली. तिचे १,०८९ घ. सेंमी. धारणक्षमतेचे चार सिलिंडरांचे एंजिन मागील चाकांना गती देई. १९६४ मध्ये तिची सुधारित ‘डिलाइट’ आवृत्ती निघाली व १९७४ मध्ये तिलाच ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. महाराष्ट्रात मात्र ‘फियाट’ हेच नाव लोकांच्या तोंडी राहिले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. २००३ मध्ये नोंदलेल्या शेवटच्या गाडीची वीस वर्षांची मुदत त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये संपली.

प्रतीक्षेचा काळ : १९५३ मध्ये सरकारने जकात आयोगाच्या शिफारशीनुसार देशात निर्मितीचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले. परिणामी जनरल मोटर्स व फोर्ड यांनी येथील जुळणीचे काम थांबविले. त्यानंतर सामान्य ग्राहकापुढे अँबॅसडर, फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड (१९६१) या तीनच गाड्या उरल्या. त्यांचे उत्पादन परवान्याने मर्यादित केलेले होते; वितरण १९५९ च्या आदेशाने आणि किमती पुढे कायद्याने नियंत्रित झाल्या. किमतींचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हे किंमत-नियंत्रण १९७५ मध्ये उठविण्यात आले.

या व्यवस्थेत ग्राहक अनामत भरून नाव नोंदवी व अनेक वर्षे थांबे. नोंदणीचा क्रमांक हीच मालमत्ता झाल्याने ती ‘ऑन’ घेऊन दुसऱ्यास देण्याचा व्यवहार सर्रास चाले, तसेच वापरलेली फियाट पुष्कळदा नव्या गाडीच्या ठरीव किमतीहून जास्त दराने विकली जाई. १९८० च्या सुमारास साऱ्या देशात वर्षाला ३० ते ४० हजारांच्या आसपास प्रवासी गाड्या तयार होत. अशा स्थितीत गुणदोष ताडून पाहण्याला फारसा अर्थ नव्हता. निर्मात्यांनाही सुधारणा करण्याची निकड भासली नाही, त्यामुळे पद्मिनीची मूळ रचना तीन दशकांहून अधिक काळ जवळजवळ तशीच राहिली.

स्वस्त गाडीची कल्पना मात्र जुनी होती. १९६० मध्ये ल. कां. झा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कमी किमतीच्या गाडीचा विचार मांडला. कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी येथे शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ या लहान गाडीचे नमुने स्वप्रयत्नाने बनविले. परंतु तिचे व्यापारी उत्पादन झाले नाही. दिल्लीजवळ १९७१ मध्ये स्थापन झालेली मारुती लिमिटेड ही खासगी कंपनीही गाडी बाजारात आणू शकली नाही.

मारुती व त्यानंतर : मारुती कंपनीची मालमत्ता १९८० मध्ये सरकारने ताब्यात घेतली, १९८१ मध्ये मारुती उद्योग ही सरकारी कंपनी स्थापन झाली व १९८२ मध्ये तिने जपानच्या सुझुकी कंपनीशी करार केला. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली गाडी ग्राहकास देण्यात आली. तिचे ७९६ घ. सेंमी. चे तीन सिलिंडरांचे एंजिन पुढील चाकांना गती देत असे आणि किंमत पन्नास हजार रुपयांच्या आसपास होती. दहा हजार रुपये अनामत भरून लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदविली. पद्मिनीपेक्षा ही गाडी लांबीने अर्ध्या मीटरहून अधिक कमी, वजनाने बरीच हलकी व इंधनाच्या दृष्टीने काटकसरी होती. सामान्य ग्राहकाला दोन वेगळ्या पिढ्यांच्या गाड्या शेजारी ठेवून पाहता आल्या आणि ‘एका लिटरमध्ये किती किलोमीटर’ हा प्रश्न घरोघरी पोहोचला.

१९९३ मध्ये प्रवासी मोटारींचा उद्योग परवानामुक्त झाला. १९९८ हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षी ह्युंदाईची सँट्रो, देवूची माटिझ आणि पुण्यातील अभियंत्यांनी विकसित केलेली टाटांची इंडिका या गाड्या पुढे आल्या आणि वर्षअखेर मारुती कंपनीने आपल्या गाड्यांच्या किमती उतरविल्या. प्रतीक्षायादीची जागा स्पर्धेने घेतली. जुन्या रचनेवर विसंबलेल्या पद्मिनीचे उत्पादन शतकाच्या अखेरीस बंद पडले.

२००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाडीची करविषयक व्याख्या करण्यात आली. लांबी ४ मी. पेक्षा अधिक नसलेल्या आणि पेट्रोल एंजिन १,२०० घ. सेंमी. पर्यंत किंवा डीझेल एंजिन १,५०० घ. सेंमी. पर्यंत असलेल्या गाडीवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के झाले. या सवलतीने गाड्यांचे आकारही ठरविले. मूळ लांब गाड्यांचा मागील भाग आखडून त्या चार मीटरांत बसविण्याची प्रथा पडली. २००८ मध्ये दाखविण्यात आलेली टाटांची नॅनो (६२४ घ. सेंमी.) एक लाख रुपये किमतीमुळे जगभर गाजली, तथापि अपेक्षित खप झाला नाही व २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. गाडी ही अनेक वर्षांच्या बचतीतून होणारी खरेदी असल्याने केवळ नीचतम किंमत हा ग्राहकाचा एकमेव निकष नसतो, हे या उदाहरणावरून दिसून आले.

तुलनेची अंगे : विक्रेत्याने सांगितलेली किंमत व प्रत्यक्ष द्यावी लागणारी रक्कम यांत मोठा फरक असतो. महाराष्ट्रात १० लाख रुपयांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर एकरकमी वाहनकर २०१७ पासून किमतीच्या ११ टक्के आहे. म्हणजे ६ लाखांच्या गाडीवर ६६ हजार रुपये होतात. सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीसाठी तीन वर्षांचा त्रयस्थ-पक्ष विमा आरंभीच घ्यावा लागतो. कर्ज काढल्यास व्याजाची भर पडते. वस्तू व सेवा करातही बदल झाला आहे : पूर्वी लहान गाड्यांवर २८ टक्के कर व त्याखेरीज उपकर असे, २२ सप्टेंबर २०२५ पासून हा कर १८ टक्के झाला.

दुसरे अंग इंधनखर्चाचे. जाहिरातीतील आकडा पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) या किंवा तत्सम संस्थेतील चाचणीतून येतो. ती चाचणी रुळांवर फिरणाऱ्या गाडीवर ठरीव क्रमाने घेतली जाते. रस्त्यावरील प्रत्यक्ष आकडा त्याहून कमी भरतो. म्हणून हा आकडा दोन गाड्यांच्या परस्पर तुलनेसाठी अधिक उपयोगी पडतो. वर्षाला १०,००० किमी. चालणारी गाडी लिटरला १५ ऐवजी २० किमी. जात असेल, तर वर्षाला सु. १६७ लि. व पाच वर्षांत सु. ८३३ लि. इंधन वाचते. लिटरला १०० रु. दर धरल्यास ही बचत ८३ हजार रुपयांवर जाते. उलट वर्षाला तीन-चार हजार किमी.च फिरणाऱ्या कुटुंबाने या बचतीसाठी अधिक किमतीची गाडी घेतल्यास हिशेब जुळत नाही.

तिसरे अंग सुरक्षिततेचे असून ते भारतात सर्वांत उशिरा विचारात आले. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने पाच लोकप्रिय भारतीय लहान गाड्या ताशी ६४ किमी. वेगाने आदळवून पाहिल्या. प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणात पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यांपैकी पोलो गाडीची दोन हवापिशव्या असलेली आवृत्ती तपासली असता तिला चार तारे मिळाले. त्यानंतर नियम कडक झाले. २०१९ मध्ये चाके अडकू न देणारी गतिरोधक यंत्रणा व चालकापुढील हवापिशवी आणि २०२१ मध्ये पुढील सहप्रवाशासाठीही हवापिशवी आवश्यक करण्यात आली. ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही देशी श्रेणीपद्धती लागू झाली; तथापि तिच्यातील सहभाग ऐच्छिक असल्याने प्रत्येक गाडीची श्रेणी उपलब्ध असतेच असे नाही.

ग्रामीण ग्राहक : नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर माळशिरस तालुक्यात ऊस वाढला आणि श्रीपूर हे गाव बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या कारखान्यामुळे ओळखले जाऊ लागले. अशा गावातील ग्राहकाच्या गरजा शहरी ग्राहकाहून काही बाबतींत भिन्न असतात. गाळपाच्या हंगामात उसाच्या बैलगाड्या व ट्रॅक्टर यांनी भरलेल्या, जड वाहतुकीने खचलेल्या रस्त्यांवर गाडीचा तळ जमिनीपासून पुरेसा उंच असणे, धक्काशोषक भक्कम असणे आणि रात्रीचा दिवा लांबवर पडणे यांना महत्त्व येते. दुरुस्तीची सोय व सुटे भाग तालुक्यातच मिळतात की जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते, यावरही गाडीचा खरा खर्च अवलंबून असतो. नोंदणीच्या बाबतीत अंतर काहीसे कमी झाले आहे. पूर्वी सोलापूरच्या (एमएच-१३) कार्यालयाकडे असलेल्या या भागासाठी आता अकलूज येथे (एमएच-४५) स्वतंत्र कार्यालय आहे. पुनर्विक्रीचे मूल्यही येथे अधिक पाहिले जाते; कारण आवर्षणाच्या वा उसाचे बिल थकलेल्या वर्षी गाडी विकून पैसा उभा करण्याची वेळ येऊ शकते.

प्रतीक्षायादीच्या काळात ग्राहकाला जी मिळेल ती गाडी पत्करावी लागे. आज पर्याय पुष्कळ असले, तरी विक्रेत्याने पुढे केलेली सवलत व मासिक हप्ता यांवरच निर्णय घेतल्यास त्या पर्यायांचा लाभ होत नाही. एकूण रक्कम, वर्षातील प्रत्यक्ष फिरती, दुरुस्तीचे अंतर आणि अपघातातील संरक्षण या चार गोष्टी एकाच कागदावर शेजारी मांडणे, ही या क्षेत्रातील तुलनेची सर्वांत साधी व विश्वसनीय रीत होय.