यकृत प्रत्यारोपणासाठी आर्थिक मदत: शस्त्रक्रियेपूर्वी काय करावे?

यकृत पूर्णपणे निकामी झाल्यास प्रत्यारोपण हाच उपाय उरतो. अनेक कुटुंबे आधी कर्ज काढून शस्त्रक्रिया करून घेतात आणि नंतर मदतीसाठी अर्ज करतात. राष्ट्रीय आरोग्य निधीतून मात्र आधी झालेल्या खर्चाची परतफेड मिळत नाही. त्यामुळे अर्ज शस्त्रक्रियेपूर्वीच करावा.

यकृत कोणाकडून मिळू शकते?

१. जिवंत दाता: यकृताचा काही भाग काढला तरी ते काही महिन्यांत पुन्हा वाढते. पती किंवा पत्नी, आई-वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडे हे कायद्याने जवळचे नातेवाईक आहेत. दात्याचे वय १८ वर्षे पूर्ण असावे. इतर कोणी दाता असल्यास प्राधिकार समितीची परवानगी लागते. रक्तगट जुळत नसल्यास दोन कुटुंबांना आपसात दात्यांची अदलाबदल करता येते. त्यासाठीही समितीची मंजुरी लागते.

२. मेंदूमृत दाता: यासाठी प्रत्यारोपण करणाऱ्या नोंदणीकृत रुग्णालयामार्फत प्रतीक्षा यादीत नाव नोंदवावे लागते. नोंदणीसाठी अधिवासाची अट, शुल्क आणि ६५ वर्षांची कमाल वयोमर्यादा काढून टाकावी, असे केंद्र सरकारने २०२३ मध्ये राज्यांना कळवले आहे.

मदत कोठून मिळते?

- आयुष्मान भारत: पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. कार्ड देशभरातील संलग्न रुग्णालयांत चालते. मात्र प्रत्येक उपचाराचे पॅकेज असतेच असे नाही. रुग्णालयातील आयुष्मान मित्राकडे आधी चौकशी करावी.
- राष्ट्रीय आरोग्य निधी: दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना सरकारी रुग्णालयातील उपचारांसाठी १५ लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. सरकारी कर्मचारी पात्र नाहीत. आयुष्मान कार्ड असूनही उपचाराचे पॅकेज नसल्यास रुग्णालयाकडून तसे लेखी घ्यावे.
- राज्याच्या योजना: राज्य आरोग्य योजना आणि मुख्यमंत्री सहायता निधी यांचे नियम राज्यानुसार वेगळे आहेत. परराज्यात राहत असल्यास रेशन कार्ड कोणत्या राज्याचे आहे ते आधी सांगावे.

आरोग्य निधीसाठी अर्ज कसा करावा?

१. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून विहित अर्ज भरून घ्यावा.
२. त्यावर वैद्यकीय अधीक्षकांची सही व शिक्का घ्यावा.
३. उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड आणि खर्चाचा अंदाज जोडावा.
४. दिल्लीचे एम्स, चंदीगडचे पीजीआय आणि पुदुच्चेरीचे जिपमेर यांसारख्या संस्थांत या निधीची रक्कम रुग्णालयाकडेच ठेवलेली असते. तेथे समाजसेवा अधीक्षकांना भेटावे.

शस्त्रक्रियेनंतर

शरीराने नवे यकृत नाकारू नये म्हणून दीर्घकाळ, बहुतेकांना आयुष्यभर, औषधे घ्यावी लागतात. ती मध्येच बंद करू नयेत. गरीब रुग्णांना राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमातून या औषधांसाठी दरमहा १०,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. रुग्णालयातून सुट्टी मिळण्यापूर्वीच त्याची चौकशी करावी.

सावधान

पैसे घेऊन यकृत मिळवून देतो असे कोणी सांगितल्यास व्यवहार करू नये. अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा असून ५ ते १० वर्षांची कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड होऊ शकतो.

मदत क्रमांक: अवयवदान व प्रत्यारोपण (नोटो): १८००-११-४७७०. आयुष्मान भारत: १४५५५.